ओल्या कचऱ्याचा ड्रम वास मारतो, अळ्या पडतात किंवा खतच होत नाही: आधी काय तपासावे, नंतर काय

लक्षणे

घरच्या ओल्या कचऱ्याचे खत करणाऱ्यांचा ड्रम किंवा माठ मराठवाड्यात दोन परस्परविरुद्ध प्रकारांनी बिघडतो, आणि त्यांपैकी कोणता प्रकार दिसेल हे बहुतेक वेळा महिन्यावरून ठरते.

मृग लागल्यापासून दसऱ्यापर्यंत दिसणारी लक्षणे अशी: झाकण उघडताच सडक्या अंड्यासारखा किंवा आंबूस वास येतो, कचऱ्याचा लगदा होऊन तो चिखलासारखा घट्ट बसतो, तळातून काळपट पाणी सतत गळते, किंवा गळायला हवे असूनही गळत नाही, चिलटांचा थवा तोंडावर येतो, झाकणाच्या आतल्या कडेने अळ्या चढताना दिसतात, आणि महिना उलटला तरी ड्रममधली पातळी खाली बसत नाही.

संक्रांतीनंतर, विशेषतः होळीपासून मृगापर्यंत, चित्र नेमके उलटे असते. वास येत नाही, अळ्याही नसतात, पण भेंडीचे देठ आणि वांग्यांच्या टोप्या महिन्यापूर्वी टाकल्या तशाच हाती लागतात. कडेने मुंग्यांची रांग असते. तळाशी कधीकधी वाळवीची माती दिसते. वास नाही म्हणजे खत तयार झाले, असे समजून अनेक जण हा माल कुंड्यांत भरतात, आणि पहिल्या पावसात तो कुंडीतच सडायला लागतो.

तिसरा प्रकार फसवा आहे. वरचा वीतभर थर कोरडा आणि त्याखाली चिखल. वरून पाहणारा माणूस पाणी शिंपडतो, आणि बिघाड दुप्पट होतो.

मी परभणीत राहतो. स्वतःच्या अंगणातला ड्रम सांभाळता सांभाळता ओळखीपाळखीच्या घरचे बिघडलेले ड्रम, माठ आणि विटांचे हौद पाहायला मला बोलावले जाऊ लागले, आणि इतक्या वर्षांत जवळजवळ सगळीकडे मूळ दोष एकच निघाला, तो म्हणजे पाण्याचा: पावसाळ्यात जास्त, उन्हाळ्यात कमी. विरजण म्हणून मिळणारी पावडर कमी पडली म्हणून खत झाले नाही, असे मी एकदाही पाहिलेले नाही. तरीही बिघाड झाला की लोक सर्वांत आधी पावडरचे नवे पाकीट आणतात. खाली दिलेल्या तपासण्या फुकट होणाऱ्या गोष्टींपासून सुरू होतात आणि अख्खा ड्रम उपसण्याच्या कष्टापर्यंत जातात. हा क्रम शक्यतो मोडू नये, कारण पहिल्या तीन तपासण्यांतच बहुतेकांचे काम भागते.

मूठ आणि नाक

खुरप्याने वरचा थर बाजूला करून वीतभर खालचा मूठभर माल घ्यावा आणि जोरात पिळावा. बोटांच्या फटीतून एखाददुसरा थेंब दिसला, मूठ उघडल्यावर गोळा टिकला आणि बोट लावताच तो फुटला, तर ओलावा योग्य आहे. पाण्याची धार लागली तर ओलावा जास्त आहे, आणि गोळाच झाला नाही तर कमी आहे. कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण ५० ते ६० टक्के ओलावा मानवतो. त्यापेक्षा पाणी वाढले की मालातल्या फटी पाण्याने भरतात, हवा कोंडते आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू ताबा घेतात. वास त्यांचाच असतो. पाणी फार कमी झाले तर जिवाणूंचे काम थांबते. ही तपासणी सर्वांत आधी करायची, कारण दोन्ही बिघाडांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत आणि अंदाजाने केलेला उपाय हमखास चुकतो.

मुठीबरोबर नाकानेही काम करावे. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हवा कोंडली आहे. आंबट, शिळ्या भातासारखा वास म्हणजे भात, भाकरी किंवा फळे एकाच जागी साचून आंबली आहेत. डोळ्यांना झोंबणारा, गोठ्यातल्या मुताच्या जागेसारखा वास असेल तर तो अमोनियाचा आहे, म्हणजे हिरवा माल किंवा ताजे शेण जास्त झाले असून नत्र (नायट्रोजन) हवेत उडून जात आहे. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण वास आला की घरात चुलीची राख टाकण्याची पद्धत आहे. आंबट वासाला चिमूट-दोन चिमूट राख उपयोगी पडते, पण अमोनियाच्या वासात तीच राख टाकली तर वास वाढतो. अल्कली वाढली की अमोनिया अधिक वेगाने सुटतो. चुन्याचेही तसेच. फिनाईल आणि डांबराच्या गोळ्या मात्र कोणत्याही वासावर टाकू नयेत. वास दबतो, पण ज्यांच्याकडून काम करून घ्यायचे तेच जिवाणू त्यात मरतात.

तळाची भोके

गेल्या भाद्रपदात महालक्ष्म्या उठल्याच्या तिसऱ्या दिवशी एका शेजाऱ्यांनी बोलावले. सोळा भाज्यांचे देठ आणि साली, हारांची फुले, उरलेला भात आणि थोडे पुरण, असे सगळे दोन दिवसांत ड्रममध्ये गेले होते आणि वास बाहेर येऊ नये म्हणून झाकणावर पाटा ठेवलेला होता. ड्रम दोन विटांवर नीट उभा होता, खाली ताटलीही होती, पण ताटली कोरडी ठणठणीत. पावसाळ्यात ताटली कोरडी असणे हे चांगले लक्षण नव्हे. मी पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडाची, एक सरळ काडी घेऊन तळाच्या भोकांतून वर खुपसली. पहिल्या तीन भोकांत भाताचा चिकट थर आणि कोथिंबिरीच्या काड्यांची गुंतवळ निघाली. चौथ्या भोकातून काडी बाहेर काढताच चहाच्या रंगाचे पाणी धारेने सुटले, आणि पुढची दहा मिनिटे आम्ही दोघे एकामागून एक ताटली रिकामी करत होतो. त्या ड्रमला आणखी कसलाही उपाय लागला नाही. फक्त पाटा काढला आणि दोन घमेली पाला टाकला.

तळाला आणि बाजूंना भोके असावीत, प्रत्येक भोक करंगळी जाईल एवढे असावे आणि दोन भोकांत चार बोटांचे अंतर असावे. तळाशी पहिला थर मुळात तुराट्यांच्या (तुरीच्या वाळलेल्या काड्यांच्या) किंवा पऱ्हाटीच्या तुकड्यांचा, चार बोटे जाडीचा घालावा, म्हणजे बारीक माल थेट भोकांवर बसत नाही. गळलेले पाणी साचवून ठेवू नये. ताजे असताना दहापट साध्या पाण्यात मिसळून ते फुलझाडांच्या मुळाशी द्यावे. पालेभाज्यांना देऊ नये, कारण त्यात न कुजलेल्या कचऱ्याचे जंतू असतात.

कोरडा माल: खरी उणीव इथेच असते

भाजीपाल्याच्या आणि फळांच्या कचऱ्यात तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणीच असते. आमच्या चौघांच्या घरात रोज सुमारे सातशे ग्रॅम ओला कचरा निघतो. म्हणजे रोज अर्धा लिटर, आणि महिन्याला पंधरा लिटर पाणी आम्ही न कळत ड्रममध्ये ओततो. ही भरलेली घागर शोषून घेणारे काही आत नसेल, तर ते पाणी जाणार कुठे? आपल्याकडे उलटाच समज रूढ आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या काळात ‘प्यायला पाणी नाही, खताला कुठून घालायचे’ असे म्हणून आमच्याही भागात अनेकांनी आपले ड्रम बंद केले होते. खरे तर घागरभर पाणी कचऱ्याबरोबर आपोआप येत होते. उणीव होती ती उन्हापासून ते पाणी जपण्याची.

पाणी शोषण्याबरोबर कोरडा माल आणखी एक काम करतो. कुजण्यासाठी कर्ब (कार्बन) आणि नत्र यांचे प्रमाण साधारण ३० ला १ असावे लागते. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात ते १५ ते २० ला १ इतकेच असते, तर वाळलेल्या पाल्यात पन्नासच्या पुढे जाते. म्हणून एक डबा ओला कचरा टाकला की त्याच डब्याने दीड ते दोन डबे चुरलेला कोरडा पाला टाकावा. मापाचा डबा ड्रमजवळच ठेवावा. ‘थोडा पाला’ म्हणून टाकला जाणारा पाला नेहमी लागतो त्याच्या निम्मा असतो, हा माझा अनुभव आहे, आणि मीही त्याला अपवाद नव्हतो.

अडचण अशी की पाला हवा असतो श्रावण-भाद्रपदात, आणि झडतो माघ-फाल्गुनात. कडुलिंब आणि पिंपळ आपल्याकडे उन्हाळ्याच्या तोंडावर अंगण झाकून टाकतात; तो पाला लोक झाडून पेटवून देतात आणि चार महिन्यांनी कोरडा माल शोधत फिरतात. खताच्या दोन-तीन गोण्या भरतील एवढा पाला होळीच्या आधीच चुरून, पावसाचे पाणी लागणार नाही अशा जागी ठेवावा. एका ड्रमला पावसाळाभर तेवढा पुरतो. कडुलिंबाच्या पाल्याने जिवाणू मरतात, अशी शंका मला दर वर्षी विचारली जाते. इतर पाल्यात मिसळलेला कडुलिंब कुजायला काही दिवस जास्त घेतो, एवढेच.

पाला साठवला नसेल तर सोयाबीनचे किंवा तुरीचे भुसकट उत्तम; खेड्याकडे नातेवाईक असेल तर एक पोते सहज मिळते. ज्वारीच्या कडब्याचा चुरा चालतो, पण कडबा हे जनावराच्या तोंडचे खाणे आहे आणि टंचाईच्या वर्षी तो ड्रममध्ये घालणे मला पटत नाही. रसवंतीवरची उसाची चिपाडे फुकट मिळतात. ती आठवडाभर कडक उन्हात वाळवून, वीतभर तुकडे करूनच टाकावीत, कारण ओल्या चिपाडांतल्या साखरेवर गांधीलमाश्या आणि मुंग्या तुटून पडतात. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे आणि साधे वर्तमानपत्र फाडून टाकले तरी निभावते. वखारीतला भुसा घ्यायचा असेल तर अख्ख्या लाकडाचाच घ्यावा; प्लायवूडच्या भुशात डिंकाची रसायने असतात.

आत काय पडते

इथपर्यंत सगळे ठीक असूनही वास राहिला, तर आठवडाभर घरात कोण काय टाकते हे पाहावे. तेलकट रस्सा, लोणच्याचा खार, मासळीचे किंवा मटणाचे उरलेसुरले, दूध-दही यांचा वास पटकन सुटतो आणि त्यावर उंदीर, मांजरे येतात. तेलाचा थर मालावर बसला की हवा आत जात नाही. शिळी भाकरी जनावर असलेल्या घरी द्यावी; टाकायचीच असेल तर कुस्करून पसरून टाकावी.

मोसंबीच्या सालींबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवे, कारण जालन्याच्या मोसंबीचा हंगाम आला की ज्यूस काढणाऱ्या घरांत ड्रम हमखास बंद पडतात. सालींतले तेल आणि आम्ल जिवाणूंचे काम मंदावते. साली बारीक चिरून दोन दिवस उन्हात वाळवाव्यात आणि एका वेळी एकूण कचऱ्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त टाकू नयेत. आंब्याच्या कोयी आणि सीताफळाच्या बिया कुजत नाहीत. खतात राहतात आणि कुंडीत उगवतात. टाकल्यास नुकसान नाही, नंतर चाळून काढाव्या लागतात.

निर्माल्यातला दोरा, जरी आणि प्लॅस्टिकची पाने आधी काढावीत. ‘कंपोस्टेबल’ असे छापलेली पिशवी घरच्या ड्रममध्ये कुजत नाही. तिला मोठ्या प्रकल्पातले ५५-६० अंशांचे टिकाऊ तापमान लागते, आणि घरचा छोटा ड्रम तेवढा तापत नाही. डायपर आणि सॅनिटरी पॅड येथे कधीही नकोत. घनकचरा व्यवस्थापनाच्या नियमांनीही ते वेगळे गुंडाळून द्यायला सांगितले आहे. गाजर गवत फुलावर येण्याआधी उपटले असेल तरच टाकावे. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे तण आज मराठवाड्याच्या प्रत्येक बांधावर आहे, आणि त्याचे बी घरच्या खताच्या उबेने मरत नाही.

जागा, झाकण आणि उन्हाळ्यातले पाणी

ड्रम भिंतीला टेकवून ठेवू नये. वीतभर अंतर ठेवावे, म्हणजे बाजूच्या भोकांतून हवा खेळते आणि आत वाळवी असलीच तर ती दाराच्या चौकटीपर्यंत जात नाही. पावसाळ्यात वर पत्रा किंवा पागोळीपासून आडोसा हवा, पण झाकण घट्ट नको. झाकणाच्या भोकांवर बारीक जाळी बांधली की चिलटे अडतात आणि हवा राहते. मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो तेव्हा उन्हात ठेवलेला काळा ड्रम आतला माल अक्षरशः भाजून काढतो. तो पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या सावलीत हलवावा आणि बाहेरून ओले गोणपाट गुंडाळावे.

वाळलेल्या मालाला पाणी देण्याची रीत चुकली तर पाणी वाया जाते. पापडासारखा वाळलेला माल पाणी लगेच धरत नाही. एकदम तांब्या ओतला की ते कडेने उतरून खालच्या ताटलीत येते आणि मध्यभाग कोरडाच राहतो. म्हणून तांदूळ-डाळीचे धुवण तीन दिवस रोज थोडे थोडे, हाताने शिंपडत, मध्ये एकदा काठीने ढवळत द्यावे. वेगळे पाणी लागत नाही. चौथ्या दिवशी पुन्हा मुठीची परीक्षा. बोअरचे खारट पाणी मात्र नेहमी वापरू नये. उन्हाळ्यात पाणी उडून जाते आणि मीठ खतात साठत राहते.

ढवळण्याविषयी थोडेच. आठवड्यातून एकदा, तळापर्यंत, सळईने किंवा तुराटीने. रोज ढवळल्याने ऊब टिकत नाही आणि उन्हाळ्यात माल वाळतो. काम चालू आहे की नाही हे पाहण्यासाठी लोखंडी सळई मध्यभागी दहा मिनिटे खुपसून ठेवावी आणि काढून हातात धरावी. ती कोमट लागली तर आत सर्व ठीक आहे.

गांडुळे सोडण्याची घाई उन्हाळ्यात करू नये. नेहमी मिळणारी लाल गांडुळे ३५ अंशांच्या वर टिकत नाहीत. ती झाकणाकडे चढू लागली तर तो माल त्यांना सोसत नाही, असे समजावे.

अळ्या: घाबरावे की नाही

सर्वांत जास्त ड्रम वासामुळे नव्हे, अळ्यांच्या किळसेमुळे बंद पडतात. म्हणून अळी नीट पाहावी. करड्या-तपकिरी, चपट्या, वळ्यावळ्यांच्या, बोटाच्या पेराएवढ्या आणि हाताला कडक लागणाऱ्या अळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या कचरा झपाट्याने संपवतात, त्यांची माशी अन्नावर बसत नाही आणि माणसाला त्यांचा त्रास नाही. त्यांचे वाढणे एवढेच सांगते की माल जरा ओला आहे. पांढऱ्या, मऊ, एका टोकाला निमुळत्या अळ्या मात्र घरमाशीच्या. उन्हाळी-पावसाळी दिवसांत अंड्यापासून माशी व्हायला आठवडा ते दहा दिवस पुरतात, त्यामुळे त्याच दिवशी वर चार बोटे कोरडा पाला किंवा माती पसरावी आणि पुढे दर वेळी ताजा कचरा झाकूनच टाकावा. उघड्यावर एकही साल दिसता कामा नये.

इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली, पांढरी, तपकिरी डोक्याची जाड अळी निघाली की शेतकरी घरातली माणसे हुमणी, म्हणजे पिकांची मुळे खाणारी अळी, म्हणून ओरडतात, आणि ते स्वाभाविक आहे. ती अळी सपाट फरशीवर ठेवून पाहावी. पाठीवर उलटी होऊन सरपटत निघाली तर ती फुलभुंग्याची असते आणि कुजका पालाच खाते. पायांवर चालली किंवा कुशीवर पडून राहिली तर ती हुमणी असण्याची शक्यता धरावी. कुंडीत टाकण्याआधी दोन्ही वेचून काढाव्यात, कारण कुंडीत कुजका माल संपला की त्या मुळांकडे वळतात. हुमणी नक्कीच असेल आणि खत शेतात टाकायचे असेल, तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात अळी दाखवून मगच पुढे जावे.

ड्रमच मुळात चुकीचा आहे का

हा प्रश्न खरे तर विकत घेतानाच विचारायचा असतो. भंगारातून आणलेल्या निळ्या ड्रममध्ये आधी काय होते, हे विक्रेत्याला सांगता आले नाही तर तो ड्रम घेऊ नये. मी स्वतः असा एक ड्रम स्वस्तात आणला होता. तीनदा धुतल्यावरही झाकणाला औषधाचा वास होता, आणि त्यातल्या खतात पेरलेली मेथी दोन पानांवरच पिवळी पडली. शेतातल्या कीटकनाशकाचे डबे आणि कॅन तर या कामासाठी कधीच वापरू नयेत. खाण्याच्या तेलाचा किंवा लोणच्याचा ड्रम साबणाने धुऊन चालतो. चौघांच्या घराला साठ लिटरच्या आसपासचे दोन ड्रम लागतात: एक भरत असताना दुसरा मुरत असतो. एकाच ड्रममध्ये वरून टाकत राहणारे आणि खालून काढू पाहणारे लोक नेहमी अर्धा कच्चा माल काढतात.

शेवटचा उपाय: ड्रम उपसणे

आधीच्या सर्व गोष्टी करूनही दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तरच हे काम काढावे. सकाळी, नाकावर रुमाल आणि हातात मोजे घालून, सगळा माल ताडपत्रीवर पसरावा. घरात कुणाला दमा असेल तर त्या व्यक्तीने हे काम करू नये आणि जवळही थांबू नये, कारण वाळलेल्या बुरशीची धूळ छातीत जाते. ओला माल दोन-तीन तास सावलीत पसरून निथळू द्यावा, ढेकळे फोडावीत, प्लॅस्टिक वेचावे. मग तळाशी काड्यांचा थर, त्यावर पाला, त्यावर चार बोटे जुना माल, पुन्हा पाला, असा भरावा. विरजण म्हणून मूठभर जुने खत किंवा तांब्याभर आंबट ताक पुरते. वेस्ट डिकंपोझरचे द्रावण घरात असेल तर शिंपडावे. नसेल तर त्यासाठी थांबू नये.

हा उपसलेला माल नाल्यात लोटू नये, की सुक्या कचऱ्यात मिसळून घंटागाडीत टाकू नये. कुणाच्या तरी दाराशी साचलेला मिसळ कचरा शेवटी काय करतो, हे फेब्रुवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत दिसले. वर्षानुवर्षे शहराचा कचरा सोसणाऱ्या नारेगावच्या लोकांनी गाड्या अडवल्या आणि शहराच्या रस्त्यांवर ढीग लागले. तुमचा माल फक्त ओला आहे, विषारी नाही. पुन्हा भरला की तो दोन ते तीन महिन्यांत खत होतो. बारा वर्षांनी उकिरड्याचीही दैना फिटते म्हणतात, त्या मानाने हे लवकरच झाले. तयार खत काळपट-तपकिरी आणि भुसभुशीत असते आणि त्याला पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास असतो. खात्री नसेल तर मूठभर ओले खत बंद पिशवीत तीन दिवस ठेवावे. पिशवी उघडल्यावर आंबूस वास आला तर आणखी महिनाभर मुरू द्यावे.

कुठे थांबावे आणि कुणाला बोलवावे

उंदीर ड्रममध्ये बिळ करून राहत असतील तर माल हाताने काढू नये. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. कीड नियंत्रण करणाऱ्यांना बोलवावे आणि नंतर ड्रमच्या तळाला लोखंडी जाळी लावावी. वाळवी घराच्या चौकटीत किंवा लाकडी कपाटात पोहोचली असेल तर तेही त्यांचेच काम आहे. ड्रममध्ये वाळवीचे औषध ओतणे म्हणजे तेच औषध पुढे भाजीत घालणे.

सोसायटीच्या खत करण्याच्या यंत्राच्या मोटरचा शॉक लागत असेल किंवा पाते अडकले असेल, तर आधी मेन स्विच बंद करावा आणि मग मेकॅनिकला बोलवावे. चालू यंत्रात काठीसुद्धा घालू नये. रोज शंभर किलोपेक्षा जास्त कचरा करणारी संकुले घनकचरा व्यवस्थापनाच्या नियमांनुसार मोठ्या कचरा उत्पादकांत मोडतात. त्यांचा बिघाड एका ड्रमच्या अनुभवाने सुटत नाही. त्यांनी महापालिकेकडे नोंद असलेल्या संस्थेकडून काम करून घ्यावे. खोल, बंद हौदात किंवा बायोगॅसच्या टाकीत कुणीही, एक मिनिटासाठीही उतरू नये. त्यातल्या वायूने माणूस ओरडायच्या आत बेशुद्ध होतो, आणि त्याला काढायला उतरणाराही.

गळणारे पाणी विहिरीच्या किंवा बोअरच्या दिशेने जात असेल तर ड्रम त्याच दिवशी हलवावा आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्यातल्या प्रयोगशाळेतून पाणी तपासून घ्यावे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. अहवाल हाती येईपर्यंत घरातल्या तान्ह्या बाळाला ते पाणी देऊ नये, उकळूनही नाही. उकळल्याने नायट्रेट कमी होत नाही.

आणि पाल्याच्या गोण्यांविषयी, कारण हे सगळ्यांच्या शेवटी लक्षात येते: उन्हाळ्याच्या अखेरीस साठवलेला कोरडा पाला घोणशीची आवडती जागा असते. गोणी उचलण्याआधी लांब काठीने हलवावी, अंधारात त्यात हात घालू नये. साप दिसला तर त्याला डिवचू नये, नजर ठेवून लांब उभे राहावे आणि सर्पमित्राला किंवा वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करावा. चावला असेल तर फोन हॉस्पिटलला, आणि गाडी थेट तिकडेच.